फोटोच्या पाठीवर

१२ नोव्हेंबर १९९८, गुरुवार. आज दिवसभर खोडरबर चालवला.

लायब्ररीच्या तळघरात मिशनच्या जुन्या फोटोंच्या सहा पेट्या आहेत. पुढच्या बुधवारी त्या विद्यापीठाच्या मुख्य लायब्ररीत जाणार, तिथे त्यांचं स्कॅनिंग होणार. त्याआधी फोटोंच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं पुसायचं, असं काम माझ्याकडे आलं आहे. हातात सुती मोजे घालायचे, फोटो पालथा ठेवायचा, मऊ रबर एकाच दिशेनं फिरवायचा, चुरा ब्रशनं झाडायचा आणि पुढचा फोटो घ्यायचा. काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. आज दोन पेट्या झाल्या. उद्या तिसरी आणि चौथी.

मुख्य लायब्ररीतल्या केरनचं पत्रक माझ्या टेबलावर आहे. तिथला जुन्या कागदपत्रांचा विभाग तिच्याकडे आहे. ती हुशार आहे आणि माझ्याशी नीट वागते. तिनं लिहिलंय, सही, तारीख आणि माहितीचा आधार नसलेल्या नोंदी मूळ वस्तूचा भाग नाहीत, त्या काढाव्यात. सोबत पेट्यांची यादी आहे. यादीत प्रत्येक फोटोपुढे शेरा: 'पाठीवर न वाचता येणाऱ्या खुणा.'

खुणा देवनागरीत आहेत. मला वाचता येतात. या इमारतीत मला एकटीलाच.

अक्षर साळवे सरांचं. शामुवेल साळवे. या मार्चमध्ये ते टेक्सासमधल्या प्लेनोला लेकीच्या घरी वारले.

मी इथे नव्वद साली लागले. नवरा काचेच्या कारखान्यात इंजिनियर, मुलं शाळेत, आणि मी घरी बसून ओहायोतला बर्फ बघायचा कंटाळा आलेली. पुण्यात लायब्ररीचा कोर्स केला होता, तो उपयोगी पडला. पहिल्या दिवशी मला तळघरात नेऊन सगळं दाखवायचं काम साळवे सरांकडे होतं. सहा दशकं मागे टाकलेला सावळा, सडपातळ माणूस, स्वेटरच्या आत टाय, बुटांवर बर्फातले रबरी बूट. ते त्यांनी तळघरातही काढले नव्हते.

"नाव?" त्यांनी मराठीत विचारलं.

"मिसेस देशपांडे."

"ते यजमानांचं झालं. तुमचं?"

"वसुधा."

"हं. चला, वसुधाबाई. पायरी मोडकी आहे. ती मोडली तेव्हाच्या डीनचं नावही मला माहीत आहे."

पुढची सहा वर्षं मी 'बाई' आणि ते 'सर'. इमारतीत बाकी सगळे मला 'व्ही' म्हणायचे. वसुधा म्हणायला काय कष्ट पडतात ते मला अजून कळलेलं नाही, पण मी कधी तक्रारही केली नाही.

आमचं विद्यालय मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं, पाळक घडवणारं. घोड्यावरून गावोगाव हिंडणाऱ्या प्रचारकांना जरा शिकवून पाठवावं म्हणून एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं दिलेल्या जागेवर ते सुरू झालं, आणि विद्यापीठ त्याच्याभोवती नंतर वाढलं. सर नव्या विद्यार्थ्यांना हे हातानं दाखवायचे. आधी एक मूठ. मग दुसऱ्या हाताचा पंजा त्या मुठीवर मिटलेला. "आता मूठ बाहेरून दिसत नाही," ते म्हणायचे. "पण आत आवळली जाते आहे हे मुठीला कळतं." खरंच, मी लागले तेव्हा आमच्याकडे तीन मजले होते. आता एक मजला आणि तळघर. वर बिझनेस स्कूलची मुलं कॉफीचे कप घेऊन फिरतात. जिन्यात संस्थापकांची तैलचित्रं आहेत, त्यांच्याखाली पितळी पाट्या आणि पाट्यांवर नावं. सर त्या जिन्यानं चढताना म्हणायचे, "या मंडळींची काळजी नाही. यांना पाटी आहे."

त्यांची काळजी वेगळ्या मंडळींची होती. या विद्यालयातून पास होऊन मिशनरी हिंदुस्थानात जायचे. तिथून पत्रं पाठवायचे, फोटो पाठवायचे. फोटोत मधोमध साहेब आणि मडमबाई, कडेनं आठ-दहा आपली माणसं. खाली शाईनं ओळ: 'रेव्हरंड अमुक, मिसेस अमुक आणि नेटिव्ह मदतनीस.' शाळा चालवणारे, औषधं वाटणारे, साहेबाचं प्रवचन मराठीत सांगणारे, साहेबाला मराठी शिकवणारे, सगळे मदतनीस. सर नागपूरच्या पुढच्या एका रेल्वेगावातले, अशाच मिशन कंपाउंडात वाढलेले. चर्चच्या स्कॉलरशिपवर ते तरुणपणी इथे आले ते डॉक्टरेट करायला. या मदतनिसांवर प्रबंध लिहायचा होता. मार्गदर्शक म्हणाले, विषय चांगला आहे, पण साधनं नाहीत. ही माणसं कोण, हेच कुठे लिहिलेलं नाही. तेव्हा सर साधनं शोधायला तळघरात उतरले आणि वर आलेच नाहीत. प्रबंध राहिला. लायब्ररीतली तात्पुरती नोकरी पस्तीस वर्षं टिकली.

त्यांची पद्धत अशी. पेटीतला एक फोटो घ्यायचा. त्या सालची पत्रं, अहवाल, बाप्तिस्म्याच्या याद्या काढायच्या. कोण कुठल्या स्टेशनवर, म्हणजे मिशनच्या ठाण्यावर, होतं ते जुळवायचं. मग फोटोची झेरॉक्स करून गावाकडच्या एखाद्या म्हाताऱ्या पाळकाला किंवा शाळेतल्या निवृत्त बाईला एअरमेलनं पाठवायची: यांना कोणी ओळखतं का? उत्तराला दोन महिने लागायचे. कधी यायचंच नाही. दोन ठिकाणांहून एकच नाव आलं तर ते लिहायचं. एकाच ठिकाणाहून आलं तर थांबायचं. पेन्सिल टूबी, मऊ शिशाची. टोक ब्लेडनं काढायचं, शार्पनरनं नाही. शार्पनरचं टोक बोचरं होतं म्हणे. आणि हात अगदी हलका, कारण मागून दाबलं की पुढच्या चेहऱ्यावर वळ उठतो. 'डावीकडून दुसरा: यशवंत भोंगळे, शाळामास्तर.' 'खाली बसलेली: गंगाबाई, आडनाव मिळत नाही.' कधी कधी एका दिवसात एक नाव. बहुतेक वेळा एका आठवड्यात.

सहवासाला माणूस सोपा नव्हता, हे आधीच सांगते. कॉम्प्युटरला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही, त्यामुळे त्यांचं सगळं टायपिंग माझ्या गळ्यात. डब्यात मेक्सिकन दुकानातल्या मक्याच्या पोळ्या आणि ठेचा, त्याचा वास दुपारभर तळघरात. बोललं की म्हणायचे, "बाई, पुण्यात ठेचा खात नाहीत?" विद्यार्थ्यांना फोटो हाताळू द्यायचे नाहीत. आणि सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट, कोणी काहीही सांगायला लागलं की मधेच, "नाव विचारलंत का?"

"सर, पार्किंगमध्ये एका बाईनं माझ्या गाडीला धक्का मारला."

"नाव विचारलंत का?"

"सर, न्यू जर्सीत पिस्कॅटवेला माझी भाची आहे ना, तिच्या ऑफिसातल्या एका मुलाला—"

"नाव काय त्याचं?"

"मला काय माहीत! गोष्ट ऐका ना."

"नाव नाही तर गोष्ट कुणाची?"

मीटिंगमध्येही तेच. डॉ. प्रेंटिस आमचे डीन, इतिहासाचे प्राध्यापक, उंच, गोड आवाजाचे. ते एकदा म्हणाले, लायब्ररीबद्दल एका विद्यार्थ्याची तक्रार आहे. सरांनी लगेच नाव विचारलं. "नाव महत्त्वाचं नाही, सॅम," प्रेंटिस म्हणाले. सर म्हणाले, "मग तक्रारही महत्त्वाची नसेल." सगळे हसले. प्रेंटिसही हसले, पण जरा उशिरानं.

एकदा मी त्यांना मराठी मंडळाच्या दिवाळीला घेऊन गेले. ते यायला तयार नव्हते, मीच आग्रह केला. जेवणाच्या रांगेत आमच्यातल्या एका काकांनी, नाव मला माहीत आहे पण लिहीत नाही, त्यांना गाठलं.

"साळवे म्हणजे कुठले?"

"नागपूरकडचे."

"नाही, म्हणजे मूळचे? साळवे आमच्याकडेही आहेत, म्हणून विचारतो."

"मूळचे," सर म्हणाले, "पेटी क्रमांक चार, फोटो सतरा. डावीकडून तिसरी माझी आजी. तुमची आजी कुठल्या पेटीत?"

काका ताट घेऊन दुसऱ्या रांगेत गेले. परत येताना गाडीत सर मला म्हणाले, "बाई, तुम्ही बरं केलंत, मधे बोलला नाहीत." हे कौतुक नव्हतं. मला तेव्हाही कळलं होतं.

याहून वाईट एक आहे, तेही सांगून टाकते. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. एका शनिवारी सर काही कागद द्यायला घरी आले. सासूबाईंनी आल्या-आल्या विचारून घेतलं, शामुवेल म्हणजे काय, साळवे म्हणजे काय, आणि चहा त्यांनीच ओतला. आम्हा सगळ्यांना स्टीलच्या कपांत. सरांना मुलीच्या वाढदिवसातून उरलेल्या कागदी कपात. त्यावर फुगे छापलेले होते. मी पाहिलं. नवऱ्यानं पाहिलं. सरांनी तर पाहिलंच. मी मनात म्हटलं, दोन महिन्यांनी जाणार आहेत, आता कुठे वाद घालायचा. अशी कारणं मला पटकन सुचतात.

सर शांतपणे चहा प्यायले. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "आजी, आपलं नाव काय?"

"मी वसुधाची सासू."

"ते कळलं. नाव?"

"रमाबाई."

"हे सासरचं. माहेरचं?"

सासूबाईंचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा तसा पाहिला. साठ वर्षांत त्यांना कोणी हे विचारलं नव्हतं. मीही नाही. "कृष्णा," त्या म्हणाल्या. "भाऊ कृष्णी म्हणायचा." आणि जणू परत काहीतरी द्यायला हवं म्हणून, "तुमच्या आजीचं हो?"

"सारजा. बाप्तिस्म्याला सारा ठेवलं, पण घरात सारजाबाईच. गावोगाव चालत जाऊन बायकांना वाचायला शिकवायची. पायात वहाण नसायची."

सर गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माणूस बरा वाटला." आणि कप टाकायला म्हणून उठल्या तर कप नव्हताच. सोमवारी तो मला सरांच्या टेबलावर दिसला. पेन्सिलीच्या साली त्यात ठेवत होते. "कागद जाड आहे," इतकंच म्हणाले. पुढची साडेतीन वर्षं तो फुग्यांचा कप मी रोज पाहिला.

सारजाबाईंचा फोटो मी काढून बघितला. पेटी चार, फोटो सतरा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. डावीकडून तिसरी, डोक्यावर पदर, हातात पुस्तक. मागे बाकी सात जणांची नावं पेन्सिलीनं लिहिलेली. तिसरीपुढे कोरी जागा.

"सर, हिचं नाव राहिलं?"

"राहिलं नाही. पुरावा नाही."

"अहो, तुमची आजी!"

"घरचं सांगणं एक झालं. दुसरं कुठाय? त्या स्टेशनच्या यादीत तीन सारा आहेत. त्यातली ही कुठली, कसं सांगू? मी माझ्याच आजीला सवलत दिली तर बाकीच्यांचं कोण खरं मानेल?"

मला तो हट्ट वाटला. अजूनही थोडा वाटतो.

आता मुख्य गोष्ट. पंच्याण्णव साली विद्यालयाच्या शताब्दीचा ग्रंथ निघायचा होता. संपादक डॉ. प्रेंटिस. त्यांनी सरांना तळघरात येऊन सांगितलं, मिशनवरचं प्रकरण तुम्ही लिहा, सॅम, तुमच्याशिवाय कोण? पस्तीस वर्षांत सरांना कोणी काही लिहायला सांगण्याची ती पहिली वेळ. त्या दिवशी त्यांनी रबरी बूट काढून ठेवले होते, हे माझ्या लक्षात आहे. सहा महिने लिहीत होते. हातानं, पिवळ्या पॅडवर, आणि मी टाइप करत होते. चाळीस पानं झाली. त्यात एकशे बारा नावं होती. मी मोजली, कारण सरांनी मोजायला सांगितली.

प्रेंटिसनी वाचलं आणि खूप स्तुती केली. मग म्हणाले, जरा लांब झालंय. चाळिसाची पंधरा पानं झाली. मग पाच. सरांनी प्रत्येक वेळी स्वतः काटछाट केली, पण वाक्यं कापायचे, नावं ठेवायचे. पाच पानांत नावंच नावं उरली. शेवटी प्रेंटिसनी मलाच बोलावलं.

"व्ही, तू हे बघ ना. सॅमला सांगत बसू नकोस, त्याला त्रास होतो. इतकी नावं आली की वाचणारा अडखळतो. एक परिच्छेद पुरे. भावना ठेव, नावं काढ."

मी कॉम्प्युटरवर बसले आणि काढली. अर्धा तास लागला. एकशे बारा माणसं अर्ध्या तासात. मी नोकरीत होते आणि डीननं सांगितलं होतं, असं मी स्वतःला म्हटलं. उरलेल्या परिच्छेदात 'अनेक निष्ठावंत स्थानिक मदतनीस' असे शब्द आले. शब्द प्रेंटिसचे, टायपिंग माझं.

आभाराचं पानही मीच टाइप केलं. शेवटची ओळ अशी होती: 'आणि तळघरातल्या आमच्या निष्ठावंत भारतीय मदतनिसाचे आभार.' नाव नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं. लक्षात आलं नाही असं लिहिता आलं असतं, पण आलं होतं. प्रेंटिस गावाला गेले होते आणि छापखान्याला दुपारी पानं हवी होती. ते परत आले की विचारू, असं ठरवलं, आणि पानं पाठवली.

प्रकाशन चॅपलमध्ये झालं. बिशप आले, भजनं झाली, केक कापला. सर शेवटच्या बाकावर बसले होते, टाय नवा. पुस्तक हातात आल्यावर त्यांनी ते पुढून उघडलं नाही. मागची सूची काढली आणि बोट फिरवत भोंगळे शोधला. मग गंगाबाई. मग आणखी कोणी. मग आभाराचं पान काढलं. मी शेजारीच बसले होते. ते हसले. मोठ्यानं, चॅपलमध्ये चार माणसं वळून बघतील असं.

"बाई," ते म्हणाले, "नाव विचारलं नाही का हो कुणी?"

मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तक बाकाखाली ठेवलं, जिथे भजनांची पुस्तकं ठेवतात तिथे, आणि कोट घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला तळघरात हजर. पेटी पाच, पेन्सिल, ब्लेड. मी म्हटलं, "सर, आता कशाला?" म्हणाले, "पुस्तक त्यांचं. फोटोची पाठ अजून रिकामी आहे." त्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. मी नावं काढली हे त्यांना माहीत होतं. टायपिंग कोण करतं हे त्यांना माहीत असणारच.

मी मात्र तेव्हा एक गोष्ट बोलले. लायब्ररीचा नियम नवाच आला होता: फोटोवर काही लिहिलं तर लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, तारीख आणि आधार.

"सर, प्रत्येकाखाली सही करा. उद्या कोणी विचारलं तर?"

"नाही."

"नियम आहे."

"पुढे साहेबाचं नाव, मागे माझं नाव. मग यांचं कुठे? पुन्हा यांच्या डोक्यावर कोणी बसायला नको."

"अहो, दोन अक्षरं तर आहेत."

"मग तुम्ही करा. तुम्हीही लायब्ररीच्याच ना? करा तुमची सही."

"मी कशी करणार? मला काय माहीत ही माणसं कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, सगळी नावं तुम्हीच टाइप केलीत."

मी म्हटलं, मला वेळ नाही. तेही खरं होतं. एअरमेलनं आलेली उत्तरं एका बिस्किटांच्या डब्यात होती, ती कॅटलॉगला जोडून टाका असंही मी सांगितलं होतं. तेही राहिलं.

शहाण्णवच्या जानेवारीत तात्पुरत्या नोकऱ्या बंद झाल्या आणि सरही. पस्तीस वर्षांनीही ते तात्पुरतेच होते. बायको आधीच गेली होती. लेक रूथ प्लेनोला, तिनं बोलावलं. शेवटच्या दुपारी मी खाली गेले तर पेटी चार उघडी, फोटो सतरा पालथा टेबलावर, आणि सर हातात पेन्सिल धरून बसलेले. टोक नुकतंच काढलेलं.  पाचेक मिनिटांनी त्यांनी फोटो सुलटा केला, पाकिटात घातला, पेटी बंद केली. जागा कोरीच.

विमानतळावर मीच सोडलं. बर्फ पडत होता, गाड्यांची रांग लागली होती, आणि एक पोलीस शिट्टी मारून सगळ्यांना पुढे हाकत होता. मी गाडीतून उतरलेही नाही. सरांनी बॅग काढली, दार लावलं. पोलीस माझ्या बॉनेटवर हात आपटून म्हणाला, चला, चला, पुढे व्हा. सर त्याच्याकडे वळले आणि अगदी आस्थेनं इंग्रजीत विचारलं, "तुमचं नाव काय?"  मग त्यानं हातमोजा काढून कोटावरची पट्टी दाखवली आणि काहीतरी सांगितलं. आरशात मला दिसलं, दोघं बर्फात उभे राहून बोलत होते, आणि पोलीस हसत होता. मागच्यानं हॉर्न दिला. मी गाडी काढली.

मार्चमध्ये रूथचा फोन आला. तिचं मराठी दोन वाक्यांत संपतं. "आंटी, पप्पा गेले. स्लीपमध्येच." मी विचारलं, त्यांचे कागद? पिवळी पॅडं, बिस्किटांचा डबा?  "ओह. आय थिंक वी रीसायकल्ड दॅट, आंटी. सगळं त्या लँग्वेजमध्ये होतं. वॉज इट इम्पॉर्टन्ट?" मी म्हटलं, "नाही, सहज विचारलं." तिचा काय दोष? माझ्याकडे त्या चाळीस पानांची फ्लॉपी होती. शताब्दी झाल्यावर मी ती पुसून तिच्यावर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची यादी ठेवली होती.

म्हणजे ती नावं आता फक्त फोटोंच्या पाठीवर होती. आणि आज मी रबर चालवला.

सकाळी सुरू केलं तेव्हा एवढा विचार केला नव्हता. काम आलं, काम केलं. दुसऱ्या पेटीच्या शेवटी यशवंत भोंगळे आला. तो पुसला, आणि मग माझा हात थांबला. फोटो दिव्याखाली तिरका धरून पाहिला. दाबून लिहिलं असलं तर वळ उरतो, तिरक्या उजेडात वाचता येतं. काही नव्हतं. सरांचा हात हलका. पाठ नव्यासारखी स्वच्छ.

दोन पेट्यांतली नावं आठवायला बसले. टाइप मीच केली होती, पण नऊच आठवली. नऊ जण कुठल्या फोटोतले ते सांगता येत नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी आठला पोचले. सरांच्या जुन्या ड्रॉवरमध्ये टूबी पेन्सिली होत्या, टोक ब्लेडनं काढलं. जमलं नाही, बोट कापलं, पट्टी लावली. तिसरी पेटी काढली आणि प्रत्येक नावाखाली माझी आद्याक्षरं, तारीख, आणि आधार म्हणून 'शा. साळवे' असं लिहीत गेले. मग चौथी. साडेदहाला केरन पेट्या बघायला मुख्य लायब्ररीतून खाली आली.

"व्ही, पुसायचं होतं ना?"

"सही नसलेलं पुसायचं होतं. याला सही आहे, तारीख आहे, आधार आहे."

तिनं एक फोटो उचलून पाहिला. "पण हे तुला वाचता येतं?"

"येतं. आणि केरन, माझं नाव वसुधा आहे."

तिनं ते म्हणून पाहिलं. दुसऱ्या प्रयत्नात जमलं. पहिल्या दोन पेट्यांचं काय, तिनं विचारलं. मी म्हटलं, त्या नियमाप्रमाणे स्वच्छ आहेत. ती वर गेली.

मग फोटो सतरा पालथा घेतला. कोऱ्या जागेत लिहिलं: डावीकडून तिसरी, सारजाबाई साळवे. आधार एकच: नातू शामुवेल, माझ्या घरी, चहाच्या वेळी. नियमाप्रमाणे माहिती कुठे आणि कशी मिळाली ते पूर्ण लिहायचं असतं, म्हणून पुढे लिहिलं: चहा त्यांना कागदी कपात दिला होता. खाली आद्याक्षरं नाही, पूर्ण नाव घातलं. आणि पुठ्ठा जाड होता, तेव्हा दाबून लिहिलं.